श्रद्धा हा कलेचा नुसता विषय नव्हे : कलाशिक्षकांना खुले पत्र

चित्र, शिल्प, संगीत आणि साहित्य शिकवणाऱ्या सर्व शिक्षकांना, आणि त्यांचे अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या वर्गात देवाचं चित्र चालतं, देव चालत नाही. वाक्य खटकेल, पण मुद्दाम असंच लिहिलं आहे.

तुम्ही नटराज शिकवता, रशियन आयकॉन, म्हणजे उपासनेसाठी काढलेली ख्रिस्ताची आणि संतांची चित्रं, दाखवता, जर्मन संगीतकार बाख ऐकवता, तुकोबांचे अभंग नेमता. धातूत तांबं किती, राजाश्रय कोणाचा, पैसा कुठल्या व्यापारातून आला, निळा रंग कुठल्या दगडाचा, हे सगळं मुलांना व्यवस्थित कळतं. कळायलाच हवं. पण हे काम करणारा माणूस काहीतरी मनापासून मानत होता आणि त्या मानण्याचा त्याच्या हातावर परिणाम होत होता, हा भाग एका ओळीत उरकला जातो. जणू श्रद्धा म्हणजे गिऱ्हाइकाने दिलेली ऑर्डर, आणि कलावंताने ती नाइलाजाने पुरी केली.

मी स्वतः श्रद्धाळू आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला ते शोधून काढायचे कष्ट नकोत. पण वर्गात प्रार्थना सुरू करा, असं मी म्हणत नाही. विद्यार्थ्यांना धर्म शिकवा, असंही म्हणत नाही. ते तुमचं काम नव्हे आणि बहुतेकांना ते जमणारही नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की कलाकृतीत श्रद्धा ही साहित्यासारखी आणि हत्यारांसारखी काम करते. काम कोणासाठी करायचं, किती वेळ करायचं, काय गाळायचं आणि कुठे थांबायचं, हे ती ठरवते. तेव्हा तिची चर्चाही तितक्याच बारकाईने व्हायला हवी. दगडाचा पोत सांगताना जी काळजी घेता, तीच इथेही घ्या.

आता थोडं जवळून पाहू. चोळांच्या काळातल्या, म्हणजे साधारण नवव्या ते तेराव्या शतकातल्या, तमिळ प्रदेशातल्या कांस्यमूर्ती घ्या. गाभाऱ्यातली दगडी मूर्ती जागची हलत नाही. उत्सवात देव बाहेर पडतो तो धातूच्या मूर्तीत. ती घडवायची रीत अशी : आधी मेणाची मूर्ती करायची. नारळाच्या झावळीची पट्टी मूर्तीच्या उंचीएवढी कापायची, तिला घड्या घालून भाग पाडायचे आणि चेहरा एवढा, छाती एवढी, मांडी एवढी ही मापं त्या घड्यांवरून घ्यायची. मग मेणावर मातीचे थर चढवायचे, आधी अगदी बारीक, मागाहून जाड. माती वाळली की तापवायची, मेण वितळून वाहून जातं आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. निवल्यावर साचा फोडायचा. फोडला की तो साचा कायमचा गेला, म्हणून अशी दुसरी मूर्ती होत नाही. त्यानंतर छिन्नीने बारीक काम. डोळे सगळ्यांत शेवटी, आणि ते उघडणं हा एक विधीच असतो.

अशी एखादी मूर्ती संग्रहालयात असेल तर तिच्या मागे जाऊन उभे राहा. मानेवर उतरलेल्या केसांच्या बटा सुट्या मोजता येतील इतक्या स्वच्छ आहेत. डोक्यामागच्या चक्राची गाठ, पाठीच्या कण्याची किंचित वळलेली पन्हळ, कमरेच्या वस्त्राच्या चुण्या, सगळं पुढच्या बाजूइतकंच निगुतीने केलेलं. आणि मग आठवा की ही मूर्ती मिरवणुकीत निघायची तेव्हा तिला रेशीम नेसवलेलं असायचं, वर दागिने, त्यावर फुलांचे हार. भक्ताला दिसायचा तो चेहरा, फार तर हात. आज आपण काचेपलीकडे जे उघडं शिल्प पाहतो, ते ज्यांच्यासाठी घडलं त्या लोकांनी जवळजवळ कधीच तसं पाहिलं नसेल.

मग ही पाठ कोणासाठी?

राजाश्रय हे उत्तर इथे अपुरं पडतं. सेंबियन महादेवीसारखी राणी दहाव्या शतकात मंदिरं बांधते, मूर्ती करवून घेते, हे खरंच. तंजावरच्या मोठ्या मंदिरात राजराजाने दिलेल्या मूर्तींची मापं आणि त्यांच्या दागिन्यांतली रत्नं शिलालेखांत नोंदवून ठेवली आहेत, हेही खरं. पण सोन्या-मोत्यांचा हिशोब ठेवणारा कारकून पाठीवरची बट मोजत नव्हता. तुमच्यातलं कुणी म्हणेल की हा कारागिराचा स्वाभिमान आहे, घराण्याची शिस्त आहे, देवाचा काय संबंध? मान्य, शिस्त आहेच. पण त्या शिस्तीची पातळी कोणाला डोळ्यांसमोर धरून ठरली, हे विचारा. सगळ्या बाजूंनी, वस्त्राच्या आतूनही पाहणारा कुणीतरी आहे, हे गृहीत धरून ती ठरली होती. या बघणाऱ्यावर तुमचा-माझा विश्वास असो वा नसो, घडवणाऱ्याचा होता, आणि त्या विश्वासाचा पुरावा शिल्पाच्या पाठीवर आहे. युरोपातल्या गॉथिक कॅथीड्रलांच्या माथ्यावर, जिथे खालून नजर पोचत नाही, तिथलं कोरीवकामही हीच साक्ष देतं.

बाखच्या बाबतीत हाच प्रश्न जरा अडचणीचा होतो, आणि म्हणून जास्त रंजक. १७२३ साली तो लाइप्झिगला गेला. चर्चच्या पंचांगात संगीत वर्ज्य असलेले काही आठवडे सोडले, तर तिथे दर रविवारी कँटाटा, म्हणजे गायक आणि वाद्यं यांच्यासाठीची रचना, लागायचा, आणि पहिली काही वर्षं तो जवळजवळ आठवड्याला एक नवा लिहीत होता. रचना करायची, भाग उतरवून घ्यायचे, मुलांकडून बसवून घ्यायचं आणि रविवारी गाऊन घ्यायचं. हस्तलिखिताच्या सुरुवातीला तो पुष्कळदा 'येशू, साहाय्य कर' अशा अर्थाची आद्याक्षरं टाकायचा आणि शेवटी 'केवळ देवाच्या गौरवासाठी' अशा अर्थाची. आपल्या नऊ वर्षांच्या मुलासाठी १७२० साली त्याने वाजवण्याच्या धड्यांची जी वही सुरू केली, तीही येशूच्या नावाने सुरू होते. बोटं कुठे ठेवायची हे शिकवणारी वही!

आता अडचण. १७३३ साली याच बाखने पोलंडच्या राणीच्या वाढदिवसासाठी एक कँटाटा लिहिला. ढोल वाजोत, कर्णे घुमोत, असा सगळा दरबारी थाट. पुढच्याच वर्षी नाताळच्या ऑरेटोरिओच्या, म्हणजे बायबलमधल्या कथेवरच्या मोठ्या गायनरचनेच्या, सुरुवातीला त्याने तेच संगीत घेतलं. शब्द बदलले, सूर तेच. राणीच्या जन्मदिवसाचं गाणं ख्रिस्तजन्माचं झालं. तुमच्यातले चिकित्सक लगेच म्हणतील, बघा, सुरांत कुठे आहे श्रद्धा? आणि त्यांचं बरोबर आहे. सुरांत ती नाही. वेगळी काढून दाखवता येईल अशी ती नसतेच. मी ती शोधते ती दुसरीकडे : ज्या माणसाला देवाचं काम आणि पोटाचं काम अशा दोन वह्या ठेवाव्याशा वाटल्या नाहीत, त्याने दोन्हींकडे सारखीच मेहनत ओतली. राणीसाठी लिहिलेलं संगीत पुढच्या वर्षी देवापुढे ठेवण्याच्या लायकीचं निघालं, कारण ते लिहितानाच हलक्या हाताने लिहिलेलं नव्हतं.

शिवाय त्याच्या अखेरच्या वर्षांकडे पाहा. १७४९च्या सुमारास, दृष्टी जात असताना, तो आयुष्यभराच्या कामातले तुकडे निवडून, त्यांत नवीन घालून एक पूर्ण मास, म्हणजे ख्रिस्ती उपासनेतल्या पाठांची संगीतरचना, जुळवतो. लूथरपंथी, म्हणजे प्रॉटेस्टंट, माणसाने लॅटिनमधला, कॅथलिक घडणीचा, त्या काळच्या कुठल्याही नेहमीच्या उपासनेत न बसणारा इतका मोठा मास का करावा? तो पूर्ण स्वरूपात त्याच्या हयातीत सादर झाल्याचा पुरावा नाही. १७५० साली तो गेला. हीदेखील मला हाराखाली झाकलेली पाठच वाटते.

आता बंधनांकडे येते. श्रद्धा कलावंताचे हात बांधते, ही तक्रार मी तुमच्यापैकी अनेकांच्या लेखनात वाचली आहे. बांधते, यात वाद नाही. पण बांधल्यावर काय होतं, ते बघायला कुणी थांबत नाही.

मशिदीत सजीवाचं चित्र नको, असं ठरलं. (दरबारी चित्रकलेत माणसं, घोडे, बागा भरपूर होत्या, तेव्हा 'इस्लाममध्ये चित्रच नाही' हे सरसकट विधान परीक्षेत लिहू देऊ नका.) मग उपासनेच्या जागेत कलावंताकडे उरलं काय? रेघ, कोन आणि अक्षर. दहाव्या शतकात बगदादमध्ये इब्न मुक्ला नावाचा वजीर होऊन गेला. अक्षरांची प्रमाणं बसवण्याचं श्रेय परंपरा त्याला देते. बोरूचं टोक कागदावर तिरकं टेकवलं की चौकटच्या आकाराचा एक ठिपका उमटतो. हा ठिपका म्हणजे माप. अलिफ या पहिल्या अरबी अक्षराची उभी रेघ अमुक ठिपक्यांची, सुलुस नावाच्या लेखनशैलीत सहसा सात. ती रेघ व्यास धरून वर्तुळ काढायचं आणि बाकीच्या अक्षरांची वळणं त्या वर्तुळाशी ताडून पाहायची. बोरू बदलला की ठिपका बदलतो, ठिपका बदलला की सगळं अक्षर त्या प्रमाणात लहान-मोठं होतं. लिहिणाऱ्याला कुराणातला एक शब्द इकडचा तिकडे करायची मुभा नाही. म्हणजे काय सांगायचं, हे त्याच्या हातात मुळीच नाही, आणि म्हणून कसं लिहायचं यात त्याने जन्म घातला.

बंधन तर कुठल्याही वृत्तात असतं, मग श्रद्धेचंच कौतुक का, असा प्रश्न इथे यावा. मला फरक असा दिसतो : वृत्त त्रास द्यायला लागलं की कवी मुक्तछंदाकडे वळू शकतो. कुणी त्याला काही म्हणणार नाही. श्रद्धेने घातलेलं बंधन गैरसोयीचं झालं म्हणून सोडता येत नाही. सोडलं तर कामाचा अर्थच जातो. बाहेर पडायला दार नसलं की माणूस आत खोल जातो. काही गुदमरतात, हेही खरं.

आणि खोल गेलेला माणूस कधी कधी नियमच बदलून ठेवतो. अब्राहमाच्या घरी तीन पाहुणे येतात, ही बायबलमधली कथा पूर्वेकडचे आयकॉन-चित्रकार कितीतरी काळ काढत होते. त्यात अब्राहम असायचा, सारा असायची, भोजनाची सगळी सरबराई असायची. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला आंद्रेई रुब्लियोव्ह या रशियन साधू-चित्रकाराने यजमानांना सरळ काढून टाकलं. उरले तीन देवदूत, मधे एक पात्र, मागे घर, झाड आणि डोंगर. गोष्ट गेली आणि त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, उरलं. हे धाडस त्याने परंपरेबाहेर उभं राहून केलं नाही, आत राहून, ध्यान करता करता केलं. आणि गंमत अशी की १५५१ साली मॉस्कोत भरलेल्या चर्चच्या परिषदेने पुढच्या चित्रकारांना फर्मावलं, रुब्लियोव्हने काढलं तसंच काढा! एका साधूने घेतलेली मोकळीक सव्वाशेहून अधिक वर्षांनी कायदा झाली. धर्मपीठांचं हे असंच असतं.

तुमच्या अभ्यासक्रमात सगळ्यांत कमी जागा कशाला मिळत असेल, तर ती भांडणाला. श्रद्धा म्हणजे समाधान, शांती, मिटलेले डोळे, अशी एक गुळगुळीत समजूत आहे. ज्यांनी तुकोबा नुसते ऐकले नाहीत तर वाचले आहेत, त्यांना ही समजूत टिकवणं अवघड जाईल. विठ्ठलाला ते काय काय बोलतात! त्याला कर्जबुडव्यासारखा दारात अडवतात, त्याच्या देवपणाची लाज काढतात, तू आमच्यामुळे देव झालास हे सुनावतात, आणि पुन्हा त्याच्याच पायाशी येऊन पडतात. सतराव्या शतकातला एक माणूस, दुष्काळात घर उद्ध्वस्त झालेला, इतक्या मोकळ्या आवाजात बोलू शकतो, कारण समोर ऐकणारा आहे याची त्याला खात्री आहे. ज्याला मोकळेपणी दोष देता येईल असा कुणी समोर असणं, ही कवितेच्या दृष्टीने केवढी मोठी सोय आहे, हे कवितेच्या शिक्षकांना मी वेगळं सांगायला नको. मराठी भावकवितेचा हा सूर असा देवाशी तोंडाला तोंड देत तयार झाला. तो भक्तीचा दुष्परिणाम नव्हे, भक्तीनेच घडवलेला आहे.

चोखोबांचं भांडण तर आणखी अवघड जागी उभं आहे. ज्याला ते आळवतात तो आत आहे, आणि यांना दाराबाहेर ठेवलं आहे. देवाने नव्हे, माणसांनी. त्यांच्या अभंगांतला ताण हा आहे की श्रद्धा ठेवायची ती विठ्ठलावर, आणि त्याच्या नावाने अपमान सोसायचा तो त्याच्याच भक्तांकडून. त्यांच्या पत्नी सोयराबाई आणखी पुढे जातात. ज्या विटाळाच्या नावाने आम्हाला दूर ठेवता, त्या विटाळावाचून कुठला देह जन्माला आला आहे, असा सवाल त्या अभंगातच टाकतात. चौदाव्या शतकातल्या एका बाईने केलेला हा युक्तिवाद आहे, आणि तो नास्तिकाचा नाही. पंढरपूरचं ते दार सगळ्यांसाठी उघडायला १९४७ साल उजाडलं, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. हे सगळं तुमच्या शिकवण्यात आलं नाही, तर चोखोबांच्या अभंगांतलं फक्त माधुर्य उरेल, आणि तो त्यांच्यावरचा दुसरा अन्याय.

अमेरिकेतल्या गुलामांच्या स्पिरिच्युअल गाण्यांतही हाच पेच सापडतो. मालक लोक बायबलमधून आज्ञाधारकपणा शिकवत होते. शेतात राबणाऱ्यांनी त्याच पुस्तकातून मोझेस उचलला, इजिप्तमधून सुटलेले गुलाम उचलले, नदीपलीकडची भूमी उचलली. धर्म एकच, पण निवड खालून झाली, आणि त्या निवडीतून जे संगीत आलं त्याच्यावर पुढचं अर्धं अमेरिकन संगीत उभं आहे. १८७१ साली फिस्क विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचं गायकपथक संस्थेसाठी पैसे उभे करायला दौऱ्यावर निघालं, तेव्हा ही गाणी पहिल्यांदा मोठमोठ्या सभागृहांत पोचली. ती गाणी ज्यांच्या छळातून आली त्यांना श्रद्धेने गुंगवलं, असं म्हणणाऱ्याने ती एकदा नीट ऐकावीत.

श्रद्धेने कलेचं नुकसानही भरपूर केलं आहे, ते मी लपवणार नाही. आठव्या-नवव्या शतकांत बायझँटाइन साम्राज्यात मूर्तिभंजकांनी किती चित्रं नष्ट केली, याची गणती नाही. १४९७ साली फ्लॉरेन्समध्ये साव्होनारोला या धर्मोपदेशकाच्या अनुयायांनी चित्रं, वाद्यं, आरसे, पुस्तकं यांची होळी केली. बामियानचे बुद्ध २००१ साली सुरुंग लावून उडवले गेले. या यादीवर मला फार रेंगाळायचं नाही, कारण ती तुम्हाला पाठ आहे. पण व्हेनिसमधला १५७३ सालचा एक किस्सा तुमच्या विद्यार्थ्यांना जरूर सांगा. वेरोनेझे या चित्रकाराने एका मठाच्या भोजनगृहासाठी येशूच्या अखेरच्या भोजनाचं भलंमोठं चित्र काढलं आणि त्यात विदूषक, त्याच्या हातावर पोपट, नाकातून रक्त गळणारा नोकर, शस्त्रधारी जर्मन असा सगळा बाजार भरवला. धर्मन्यायालयाने बोलावून विचारलं, हे काय? त्याने उत्तर दिलं ते अशा अर्थाचं, की कवी आणि वेडे जी सूट घेतात तीच आम्ही चित्रकारही घेतो. तीन महिन्यांत चित्र दुरुस्त करा, असा हुकूम झाला. त्याने चित्राचं नाव बदललं. आता ते अखेरचं भोजन राहिलं नाही, लेवीच्या घरची मेजवानी झाली. पोपट जागच्या जागी! मला यात दोन गोष्टी दिसतात. धर्मसत्ता आणि श्रद्धा एक नव्हेत. आणि कलावंत खमका असेल तर पहिलीला वळसा घालून दुसरीपाशी राहता येतं. सगळ्यांनाच इतक्या स्वस्तात सुटता आलेलं नाही, हेही सांगा.

श्रद्धाळू कलावंतांनाही दोन शब्द सुनावल्याशिवाय मला राहवत नाही. मनात भाव आहे म्हणून सूर लागत नाही. साखरेच्या पाकात बुडवलेली देवाची चित्रं, एकाच चालीत कोंबलेली भक्तिगीतं, शब्दांत नुसते जयजयकार, हे सगळं मी पाहते आणि ऐकते, आणि श्रद्धाळू म्हणूनच मला त्याचा जास्त राग येतो. तिथे ना नियमाचा जाच आहे, ना भांडण, ना न दिसणाऱ्या बाजूवर घेतलेले कष्ट. उलट, बघणाऱ्याची भक्ती आयती हाताशी आहे, तेव्हा आपण काही केलं नाही तरी चालेल, असा हिशोब आहे. तेव्हा एखाद्या विद्यार्थ्याचं काम भक्तीचं आहे म्हणून त्याला सवलत देऊ नका. रेषा कच्ची असेल तर कच्ची म्हणा.

आता तुमचा हुकमी आक्षेप. श्रद्धा नसलेल्यांनीही उत्तम धार्मिक कला केलीच आहे की! केली आहे. चित्रकार मातिसने आयुष्याच्या अखेरीस फ्रान्समधल्या व्हाँस इथल्या ख्रिस्ती जोगिणींसाठी (नन्ससाठी) प्रार्थनागृह उभं केलं. १९५१ साली ते खुलं झालं, आणि रूढ अर्थाने धार्मिक नसलेल्या या माणसाने त्याला आपल्या आयुष्याचं सर्वोत्तम काम मानलं. इंग्रज संगीतकार व्हॉन विल्यम्स अज्ञेयवादी होता, तरी १९०६ साली इंग्लंडच्या चर्चसाठी स्तोत्रांच्या मोठ्या संग्रहाचं संगीत त्याने संपादित केलं आणि खेडोपाडी गोळा केलेल्या लोकगीतांच्या चाली त्यात आणून बसवल्या. मी एवढंच म्हणेन की हे दोघेही दुसऱ्यांच्या श्रद्धेच्या घरात आदराने शिरले. जोगिणी तिथे रोज बसणार होत्या, लोक ती स्तोत्रं रविवारी गाणार होते. श्रद्धा करणाऱ्याच्या मनात नसेल, पण कामाच्या आसपास होती, आणि तिने काम घडवलं. आणि बिस्मिल्ला खाँ? शिया मुसलमान, मोहरममध्ये नोहा, म्हणजे शोकगीत, वाजवणारा, आणि बनारसच्या बालाजी मंदिरात वर्षानुवर्षं रियाझ केलेला. त्यांच्या शहनाईत कुठल्या धर्माचा सूर होता, हे ठरवायला बसू नये. सूर हीच त्यांची इबादत होती.

'हे सगळं जुनं झालं, आधुनिक कलेत श्रद्धेला जागा नाही' असं कुणी म्हणालंच, तर ऑलिव्हिए मेसिआँ या फ्रेंच संगीतकाराचं नाव घ्या. १९३१ पासून १९९२ मध्ये मृत्यू होईपर्यंत तो पॅरिसच्या एका चर्चमध्ये ऑर्गन वाजवत होता. १९४१च्या जानेवारीत जर्मनांच्या युद्धकैद्यांच्या छावणीत, कडाक्याच्या थंडीत, व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट आणि पियानो या हाती लागलेल्या वाद्यांसाठी त्याने लिहिलेली रचना कैद्यांसमोर वाजली. तिचा आधार होता बायबलमधलं काळाच्या अंताचं भाकीत. पुढे तो रानावनात पहाटे जाऊन पक्ष्यांचे आवाज कागदावर उतरवत बसे, कारण पक्षी त्याच्या लेखी देवाचे गवई होते. असा हा कट्टर कॅथलिक माणूस शिक्षक म्हणून कसा होता? आधुनिक संगीतात पुढे मोठं नाव झालेले बुलेझ आणि स्टॉकहाउसेन त्याच्या वर्गात बसले. पुढे संगीतकार झालेला झेनाकिस आला तेव्हा तो इंजिनिअर होता, वास्तुरचनेचं काम करत होता, हार्मनी, म्हणजे स्वर एकत्र बांधण्याचं शास्त्र, नव्याने शिकावी का, असं विचारत होता. मेसिआँने त्याला सांगितलं, गरज नाही, तुझ्यापाशी गणित आहे, वास्तुकला आहे, त्यातूनच संगीत कर. झेनाकिस नास्तिक होता. श्रद्धाळू गुरूने त्याच्या हातातलं साहित्य ओळखलं आणि तेच वापर म्हणून सांगितलं. एवढीच अपेक्षा मी उलट बाजूने तुमच्याकडून करते आहे.

कारण आज तुमच्या वर्गात श्रद्धा असलेली मुलं-मुली आहेत आणि ती गप्प आहेत. काम मांडायची वेळ आली की ती आपल्या चित्राला अस्मिता, स्मृती, परंपरेची चिकित्सा अशी नावं देतात, कारण ती तुमच्याकडे चालतात. 'मी हे उपासना म्हणून केलं' असं म्हटलं की समोरचे चेहरे कसे होतात, हे त्यांना ठाऊक असतं. घरी गेल्यावर दुसरं टोक : देवाचं काढतोस ना, मग छान, गोड काढ. दोन्हीकडून त्यांची श्रद्धा त्यांच्या कामापासून तोडली जाते.

तेव्हा माझ्या मागण्या. कामावरच्या चर्चेत कुणी श्रद्धेचं नाव घेतलं, तर विषय बदलू नका आणि भारावूनही जाऊ नका; त्यामुळे या कामात नेमकं काय वेगळं झालं, असं विचारा. माध्यमाबद्दल विचारता तसंच. उत्तर देता आलं नाही तर काम अजून झालेलं नाही. धार्मिक कलाकृती शिकवताना ती कुठे ठेवली जायची, कोण कधी बघायचं, कुठला भाग झाकलेला असायचा, तिच्यापुढे लोक काय करायचे, हे आधी सांगा आणि शैली मागाहून. मूर्तिकार, कीर्तनकार, सुलेखनकार, चर्चमधले वादक, जे आजही हे काम उपासना म्हणून करतात, त्यांना प्रात्यक्षिकापुरतं बोलावून निरोप देऊ नका. त्यांना बोलतं करा, त्यांच्याशी वाद घाला. आणि अभ्यासक्रमात वेरोनेझेची चौकशी व चोखोबांचं बंद दार या दोन्ही गोष्टी घाला, म्हणजे श्रद्धेवरचा हा भाग आरती ओवाळल्यासारखा होणार नाही.

हे पत्र तुमच्या अभ्यासमंडळाच्या बैठकीत ठेवलं, तर आनंद होईल. माझं म्हणणं पटलं नाही, तर कारणं जाहीरपणे लिहा. मी उत्तर देईन.

आपली,
कलेचा इतिहास शिकवून निवृत्त झालेली तुमच्यातलीच एक